कवटी पतंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा अर्धा सरला की माझ्याकडे एकाच प्रकारची छायाचित्रे येऊ लागतात: ओसरीवरच्या ट्यूबलाइटखाली भिंतीला चिकटून बसलेला तळहाताएवढा काळपट पतंग, आणि त्याच्या पाठीवर स्पष्ट दिसणारी कवटी. सोबतचे प्रश्नही बहुधा ठरलेलेच असतात. त्यांतले जे पुन्हापुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न एकमेकांना लागून असल्यामुळे, जे एका ठिकाणी सांगितले आहे ते दुसरीकडे न सांगता फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाठीवर माणसाची कवटी असलेला हा पतंग नेमका कोणता?

हा हॉकमॉथ कुळातला, म्हणजे स्फिंजिडी कुळातला पतंग आहे. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव ॲकेरॉन्शिया असे असून तीत जगभरात मिळून तीनच जाती आहेत. ॲट्रोपॉस ही जाती आफ्रिका, पश्चिम आशिया आणि युरोपात आढळते, तर लॅकेसिस आणि स्टिक्स या दोन जाती भारतासह आशियाच्या मोठ्या भागात आढळतात. पंख पसरले असता मोठ्या माद्यांची रुंदी १२ ते १३ सेंटिमीटरपर्यंत भरते. पुढचे पंख झाडाच्या सालीसारखे काळपट-तपकिरी असतात. मागचे पंख आणि उदर मात्र पिवळे असून त्यांवर काळे पट्टे असतात. पतंग स्वस्थ बसलेला असताना हा पिवळा रंग पुढच्या पंखांखाली झाकलेला राहतो, त्यामुळे बहुतेकांना फक्त काळा देह आणि कवटी एवढेच दिसते आणि पहिला ग्रह त्यावरूनच होतो.

२. मराठीत याला काय म्हणतात?

इंग्रजी नाव ‘डेथ्स हेड हॉकमॉथ’ असे आहे. येथे मी सोयीसाठी ‘कवटी पतंग’ असे म्हटले आहे; वर्णनाला ते पुरेसे आहे आणि ‘मृत्यू’ हा शब्द त्यात येत नाही, हेही मला बरेच वाटते. ‘पतंग’ या शब्दाने दोरीवरचा पतंग आठवणाऱ्या लहान मुलांना ‘रात्री दिव्यावर येणारा’ एवढे जोडून सांगावे.

३. तो महाराष्ट्रात खरोखर आढळतो का, की फक्त चित्रपटातच असतो?

आढळतो, आणि लॅकेसिस व स्टिक्स या दोन्ही जाती आढळतात. तीळ, वांगी, पावटा, जाई-जुई, घाणेरी असे अळीचे खाद्य शेतात, परसात आणि कुंपणाला सर्वत्र असते, म्हणून हा पतंग केवळ जंगलातला नाही. तो निशाचर असल्यामुळे दिवसा नजरेस पडत नाही, एवढेच.

दोन जातींत फरक करायचा असेल तर मागचा पंख पाहावा. स्टिक्समध्ये तो बहुतांशी पिवळा असून त्यावर दोन अरुंद काळे पट्टे असतात. लॅकेसिसमध्ये पंखाच्या मुळाशीच मोठा काळा डाग असतो आणि पट्टेही रुंद असतात, त्यामुळे पिवळा रंग थोडाच उरतो. एकूण पतंगही अधिक मोठा आणि निळसर काळा दिसतो. केवळ पाठीवरच्या कवटीच्या छायाचित्रावरून जात सांगा, असा आग्रह बरेच जण धरतात. मागचा पंख किंवा उदर दिसत नसेल तर मी उत्तर देण्याचे टाळतो. तीन जातींपैकी युरोपातली ॲट्रोपॉस भारतात नाही, त्यामुळे ‘आमच्या अंगणात ॲट्रोपॉस आला’ या मथळ्याखाली फिरणारी छायाचित्रे बहुधा आपल्याच दोन जातींपैकी एकीची असतात.

४. तो विषारी आहे का? चावतो किंवा डंख मारतो का?

नाही. त्याला नांगी नाही, विष नाही आणि चावण्यासारखे जबडेही नाहीत. तोंडाच्या जागी फक्त रस शोषणारी सोंड असते. हातात धरल्यास तो जोराने पंख फडफडवतो, पायांच्या नख्यांनी घट्ट धरतो आणि ओरडतो (प्रश्न ६ पाहा), त्यामुळे माणूस दचकतो, पण इजा होत नाही. पंखांवरची भुकटी म्हणजे सुटलेले खवले होत. ते डोळ्यांत किंवा नाकात गेले तर कोणत्याही धुळीप्रमाणे खाज येईल, म्हणून हात धुवावेत.

५. ती कवटी नक्की कशाची बनलेली असते, आणि पतंगाला तिचा काय उपयोग?

कवटी म्हणजे वक्षाच्या वरच्या बाजूला असलेल्या केसाळ खवल्यांच्या रंगांची रचना आहे. फिकट पिवळसर भागात दोन गडद ठिपके येतात, खालच्या बाजूला तो भाग निमुळता होतो आणि आपल्या डोळ्यांना त्यात खोबणी आणि जबडा दिसतो. माणसाची नजर चेहरे शोधण्यात इतकी पटाईत आहे की ढगात, भिंतीवरच्या ओलीत आणि नारळाच्या तीन डोळ्यांतही तिला तोंड दिसते; मग येथे तर सममितीने मांडलेले दोन ठिपके आयतेच आहेत.

उपयोगाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. भक्षक पक्ष्याला किंवा उंदरा-चिचुंद्रीला अचानक समोर एखाद्या प्राण्याचा चेहरा दिसल्यासारखे वाटून तो क्षणभर थबकत असावा, हा एक तर्क. पोळ्याच्या अंधारात मधमाश्यांना तो आकार ओळखीचा वाटत असावा, हा दुसरा. परंतु काळोखात आकाराला कितीसे महत्त्व उरते, अशी शंका यावर घेता येते आणि मला ती रास्त वाटते. ज्याबद्दल वाद नाही ते असे की डिवचल्यावर पतंग पुढचे पंख उचलून पिवळे-काळे उदर उघडे करतो. पिवळा-काळा ही गांधीलमाशीची खूण आहे आणि पक्षी ती ओळखतात. म्हणजे माणसाला कवटी भिववते, पण पतंगाची स्वतःची धमकी बहुधा पाठीवर नसून पोटावर आहे.

हे रंग खवल्यांचे असल्यामुळे ते झिजतात. अनेक रात्री उडून थकलेल्या पतंगाच्या पाठीवरचे केस गळून तेथे गुळगुळीत काळा भाग उरतो आणि कवटी नाहीशी होते. ‘कवटी नसलेला कवटी पतंग’ म्हणून आलेल्या छायाचित्रांपैकी काहींचे स्पष्टीकरण एवढेच आहे. इतरांसाठी प्रश्न १८ पाहावा.

६. पतंग ओरडतो असे ऐकले. हे कसे शक्य आहे?

शक्य आहे, आणि आवाज चांगला मोठा, उंदराच्या चीचीसारखा असतो. बहुतेक कीटक पाय किंवा पंख घासून आवाज काढतात. हा मात्र तोंडाने काढतो. घशातली पोकळी फुगवून तो हवा आत ओढतो, तेव्हा तोंडाच्या वरच्या भागातली एक पातळ झडप थरथरते आणि कर्कश, तुटक नाद उमटतो. मग हवा बाहेर जाताना आखूड सोंडेतून बारीक शिट्टी येते. बाजाच्या पेटीत भात्याची हवा सुरांच्या पट्टीवरून जाते, तसाच हा प्रकार आहे. जर्मनीतील येना येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या यंत्रणेची नव्याने बारकाईने तपासणी केली.

का ओरडतो, याचे सरळ उत्तर असे की त्याला त्रास दिला की तो ओरडतो. नव्या राणीमाशीच्या ‘पीप’ आवाजाची नक्कल करून तो कामकरी माश्यांना शांत ठेवतो, ही कल्पना फार जुनी आणि फार लोकप्रिय आहे. कल्पना म्हणून ती सुंदर आहे, पण पोळ्यात त्याचा बचाव मुख्यतः कशाने होतो याचा भक्कम पुरावा वेगळ्याच दिशेला नेतो, आणि तो पुढच्याच उत्तरात आहे.

७. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो हे खरे का? मग माश्या त्याला मारत का नाहीत?

खरे आहे. हॉकमॉथ कुळातल्या पतंगांची सोंड एरवी लांबलचक असते आणि ते हवेत तरंगत खोल फुलांतला मध पितात. कवटी पतंगाची सोंड मात्र आखूड, जाड आणि टोकदार असते. फुलासाठी ती गैरसोयीची, पण मेणाचे झाकण भोसकून आतला मध ओढायला अगदी योग्य. तो रात्री पोळ्यात किंवा मधपेटीत शिरतो, पोटभर पितो आणि निघून जातो. युरोप-आफ्रिकेतली जात तिकडच्या मेलिफेरा माशीच्या पोळ्यांवर जाते. आपल्याकडच्या दोन जाती सातेरी माशीच्या पोळ्यांत शिरतात.

तो वाचतो कसा, याचे उत्तर वासात आहे. पोळ्यातला काळोख म्हणजे वासाचे राज्य. तेथे आपला कोण आणि परका कोण हे अंगावरच्या रसायनांवरून ठरते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की ॲट्रोपॉस पतंगाच्या अंगावर चार मेदाम्ले असतात, आणि ती पामिटोलेइक, पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक आम्ले मधमाशीच्या अंगावर ज्या प्रमाणात असतात त्याच प्रमाणात पतंगावरही असतात. चोर घरच्याच माणसांचा सदरा घालून आला आहे असे समजा. शिवाय त्याचे कवच जाड असते, त्यामुळे एखाद-दुसरा डंख त्याला फारसा जाणवत नाही.

तरीही हा खेळ दर वेळी त्याच्या बाजूने लागत नाही. माश्यांना संशय आला तर त्या त्याला घेरून मारतात. मेलिफेरा माश्यांच्या पेट्यांत असे मेलेले पतंग झाडांच्या डिंकापासून केलेल्या लेपात गुंडाळलेले सापडतात. एवढे मोठे धूड बाहेर ओढून टाकणे माश्यांना जमत नाही, म्हणून त्या ते लेप देऊन निर्धोक करून ठेवतात.

८. आम्ही मधपेट्या ठेवतो. या पतंगापासून धोका किती आणि उपाय काय?

जोमदार वसाहतीला एका पतंगाने नेलेला मध म्हणजे नगण्य नुकसान आहे. मध नेण्यापेक्षा आत झालेली धांदल अधिक त्रासदायक ठरते, आणि तीही दुबळ्या वसाहतीतच. मेणकिडा, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्या तुलनेत कवटी पतंगाला मी यादीत बराच खाली ठेवीन.

उपाय माश्यांनी स्वतःच शोधलेला आहे. स्वित्झर्लंडचे अंध निसर्गअभ्यासक फ्रांस्वा ह्युबर यांनी १८०४ च्या सुमारास अशी नोंद केली की पतंगांचा उपद्रव वाढताच माश्यांनी पेटीच्या दारात भिंत उभारून फक्त माशी जाईल एवढ्याच वाटा ठेवल्या. (स्वतः पाहू न शकणाऱ्या माणसाने, साहाय्यकाच्या डोळ्यांनी मधमाश्यांचा एवढा सूक्ष्म अभ्यास केला, हे मला या पतंगाहूनही अधिक विस्मयकारक वाटते.) पेटीचे दार अरुंद करणे, फटी बुजवणे आणि पेटीजवळ रात्री दिवा न ठेवणे एवढे पुरते. महाबळेश्वर परिसरातल्यासारख्या सातेरी माशीच्या पेट्यांनाही हेच लागू आहे, कारण सातेरी माशी अंगाने लहान असते आणि तिला ये-जा करायला लहान दार सहज चालते.

९. तिळाच्या झाडावर बोटाएवढी, शेपटीवर शिंग असलेली अळी सापडली. ती हीच का? फवारणी करावी का?

बहुधा हीच. पूर्ण वाढलेली अळी १० ते १२ सेंटिमीटर लांब, हाताच्या बोटाएवढी जाड आणि गुळगुळीत असते. रंग हिरवा, पिवळा किंवा तपकिरी असू शकतो, दोन्ही बाजूंना तिरपे पट्टे असतात आणि शेवटच्या टोकाला वाकडे शिंग असते. शिंग पाहून लोक घाबरतात, पण ते मऊ आणि निरुपद्रवी असते. अंगावर केस नसल्यामुळे केसाळ अळीसारखी आग किंवा खाजही होत नाही. डिवचल्यास ती जबडे एकमेकांवर आपटून ‘टक् टक्’ असा आवाज करते. अळी असताना जबड्याने आणि पतंग झाल्यावर घशाने, असा हा प्राणी दोन्ही वयांत बोलका आहे.

अळी अतिशय खादाड असल्यामुळे एका झाडाची पाने ती एकटीच संपवू शकते आणि म्हणून नुकसान डोळ्यांत भरते. मात्र मादी अंडी एकेक करून, वेगवेगळ्या पानांवर घालते, त्यामुळे अळ्या झुंडीने नसतात. खालच्या मातीवर पडलेल्या जाड, काळपट लेंड्या दिसल्या की वर पाहावे. अळी सापडते आणि हाताने वेचता येते. वावरात जेमतेम दहा-बारा अळ्या असताना फवारणी करणे म्हणजे परोपजीवी माश्या आणि मधमाश्या या दोघींनाही हकनाक मारणे होय. तिळाला फुले असताना तर ती टाळावीच. पीक निघाल्यावर खोल नांगरट केली की जमिनीतले कोष उघडे पडतात आणि बगळे व साळुंक्या पुढचे काम करतात.

१०. वाफे खणताना मोठा तपकिरी कोष निघाला. त्याचे काय करावे?

अळी पूर्ण वाढली की झाड सोडून जमिनीत शिरते, मातीत गुळगुळीत पोकळी करते आणि तेथे कोषावस्थेत जाते. कोष तांबूस तपकिरी, चकचकीत आणि सात-आठ सेंटिमीटर लांब असतो. हातात धरल्यावर त्याचे टोक हलते आणि तेवढ्यानेच अनेक जण तो टाकून देतात. शक्य असल्यास तो त्याच खोलीवर पुन्हा पुरावा. मुलांना पतंग निघताना दाखवायचा असेल तर ओलसर मातीच्या डब्यात, जाळी लावून, उभ्या काटकीसह ठेवावा, कारण बाहेर आल्यावर पंख पसरण्यासाठी त्याला लटकायला आधार लागतो. काटकी नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात.

११. एवढा जड पतंग लांबचा प्रवास करतो का?

युरोपात करतो. ॲट्रोपॉस जातीचे पतंग उन्हाळ्याच्या सुरुवातीला आफ्रिकेकडून भूमध्य समुद्र ओलांडून उत्तरेकडे जातात. तिकडच्या हिवाळ्यात ते तग धरत नाहीत. शरद ऋतूत पुढची पिढी दक्षिणेकडे परतते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १४ पतंगांच्या पाठीवर अतिशय हलके रेडिओ-प्रेषक चिकटवले आणि छोट्या विमानातून रात्री त्यांचा माग काढला. सर्वांत दीर्घ पाठलाग सुमारे ९० किलोमीटरांचा झाला. वारा बाजूने असो वा विरुद्ध, पतंग आपली दिशा जवळजवळ सरळ रेषेत राखत होते. वारा विरुद्ध असला की ते जमिनीलगत उडत. आल्प्स पर्वताच्या दिशेने, अंधारात, साडेतीन ग्रॅमपेक्षा जड नसलेल्या जिवाने हे करावे, यावर मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

१२. त्याची शास्त्रीय नावे इतकी भयानक का आहेत?

कारण नावे ठेवणाऱ्यांनी कवटी पाहिली आणि मग ग्रीक पुराणांची पोथी उघडली. ॲकेरॉन ही पाताळातली दुःखाची नदी; तिच्यावरून प्रजातीचे नाव आले. स्टिक्स ही दुसरी नदी, मृतांच्या जगाची सीमा. लॅकेसिस आणि ॲट्रोपॉस या तीन दैवदेवतांपैकी दोघी. पहिली, क्लोथो, आयुष्याचा धागा कातते. लॅकेसिस तो मोजून देते. ॲट्रोपॉस तो कापते. लिनेयस यांनी १७५८ मध्ये युरोपातल्या जातीला धागा कापणारीचे नाव दिले, १७९८ मध्ये फॅब्रिशियस यांनी आशियातल्या जातीला मोजणारीचे दिले, आणि १८४७ मध्ये वेस्टवुड यांनी तिसरीला नदीचे नाव दिले. धागा कातणारी, म्हणजे जन्माची बाजू सांभाळणारी क्लोथो, कोणाच्याही वाट्याला आली नाही.

मराठी वाचकाला लॅकेसिस समजावून देताना मी सटवाईचे नाव घेतो: पाचवी-सहावीच्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी आयुष्याचा लेख लिहिणारी. साम्य तंतोतंत नाही, पण ‘वाट्याला किती आले’ हे ठरवणारी देवता ही कल्पना आपल्याला परकी नाही.

१३. युरोपात त्याला अपशकुनी का मानले गेले?

कवटी, रात्रीचा वावर, अचानक खोलीत शिरणे आणि वर माणसासारखे कण्हणे या चार गोष्टी एकत्र आल्या. ज्या समाजात थडग्यांवर आणि अंगठ्यांवर कवटी कोरून ‘तुलाही जायचे आहे’ याची आठवण ठेवली जात होती, तेथे कवटी घेऊन उडणाऱ्या पतंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. अठराव्या शतकातले फ्रेंच कीटकतज्ज्ञ रेओम्यूर यांनी नोंदवले आहे की ब्रिटनी प्रांतात साथीच्या काळात हे पतंग बरेच दिसले आणि लोकांनी त्यांचा धसका घेतला. वास्तविक साथ आणि पतंग यांचा संबंध एवढाच होता की दोघे एकाच ऋतूत आले.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज १८०१ मध्ये मानसिक आजाराच्या झटक्यात असताना त्याच्या शयनगृहात असे दोन पतंग सापडले, असे सांगितले जाते. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर रॉबर्ट डार्लिंग विलिस यांनी ते जपून ठेवले आणि ते आज केंब्रिज विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात आहेत. शकुनाच्या गोष्टी सांगणारे येथेच थांबतात. पुढचा तपशील प्रश्न १९ मध्ये दिला आहे.

दुसरीकडे, त्याच अठराव्या शतकात इंग्लंडमधले पतंगप्रेमी त्याला ‘मधमाश्यांचा वाघ’ अशा अर्थाच्या नावानेही ओळखत. ते नाव त्याच्या वागणुकीवरून आणि पट्ट्यांवरून आले होते. पुढे कवटीचे नाव टिकले आणि वाघाचे गेले, याचे मला वाईट वाटते.

१४. आपल्याकडे हा पतंग घरात येणे अशुभ मानतात का?

मला हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती समजूत आजीकडून नव्हे तर मोबाइलवरून घेतलेली असते. मराठी मुलखात अशुभाची वर्दी देण्याचे काम परंपरेने टिटवी आणि घुबड यांच्याकडे आहे; पिंगळ्याच्या नावाने तर पहाटे भविष्य सांगत फिरणारे लोकच ओळखले जातात. हे सगळे आवाजाचे शकुन आहेत, आकाराचे नाहीत. शिवाय कवटी आपल्याला केवळ मरणाची खूण वाटत नाही: शंकराच्या गळ्यात मुंडमाळा आहे, काळभैरवाच्या हाती कपाल आहे, आणि आपण दोघांनाही हात जोडतो.

आपल्या परंपरेत पतंगाला स्थान आहे, पण ते वेगळ्या कारणाने. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या मुखांत शिरणारे वीर हे पेटलेल्या ज्योतीत वेगाने झेपावणाऱ्या पतंगांसारखे म्हटले आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात, ज्यावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत रूपाला भुलून जळणारा पतंग आहे, मध गोळा करणारी माशी आहे, आणि दुसऱ्याने साठवलेला मध नेणारा ‘मधुहा’ही आहे. एकाच वेळी पतंग आणि मधुहा असलेला प्राणी अवधूताच्या दिव्यावर आला असता तर गुरूंची संख्या तेवीसच राहिली असती, असा एक विनोदी हिशेब मी कधीकधी करतो.

१५. इतर देशांतही लोकांना त्यात कवटीच दिसते का?

नाही, आणि हाच भाग मला सर्वांत बोलका वाटतो. जपानी भाषेत त्याचे नाव ‘मेनगाता सुझुमे’ असे आहे. त्यातल्या ‘मेन’चा अर्थ मुखवटा, म्हणजे तेथे तो मुखवट्याच्या आकाराचा पतंग ठरतो. काळपट लॅकेसिसला तिकडे ‘कुरो मेनगाता’, काळा मुखवटेवाला, म्हणतात. चिनी नावात भुताचा चेहरा आहे. जर्मन, फ्रेंच, डच आणि इंग्रजी नावांत मात्र मृताचे डोके आहे. खवले तेच, ठिपके तेच. ज्या गावात जे चेहरे टांगलेले असतात ते तेथल्या माणसाला दिसतात. दशावतारी खेळ पाहत वाढलेल्या कोकणातल्या एका मुलाने मला छायाचित्र पाठवताना ‘संकासुराचे तोंड असलेला पतंग’ असे लिहिले होते.

१६. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ या चित्रपटाच्या पोस्टरवरचा पतंग खरा आहे का?

पतंग खरा आहे, कवटी खरी नाही. १९९१ च्या या चित्रपटाच्या पोस्टरवर पतंगाच्या पाठीवर नैसर्गिक कवटीऐवजी एक छायाचित्र बसवलेले आहे. चित्रकार साल्वादोर दाली आणि छायाचित्रकार फिलिप हाल्समन यांनी १९५१ मध्ये सात विवस्त्र स्त्रियांच्या देहांची मांडणी करून जी कवटी रचली होती, तीच ही. पोस्टर मोठे करून पाहिले तर ते दिसते. कथेत उल्लेख आशियातल्या स्टिक्स जातीचा आहे. पडद्यावर उडताना दिसणारे पतंग मात्र तंबाखूच्या झाडावर वाढणाऱ्या एका अमेरिकी हॉकमॉथचे, कवटी चिकटवून सजवलेले आहेत.

१७. व्हॅन गॉगने कवटी पतंगाचे चित्र काढले होते असे वाचले. ते कुठे आहे?

चित्र ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे, पण त्यात कवटी पतंग नाही. मे १८८९ मध्ये सें-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना व्हॅन गॉगने भाऊ थिओला लिहिले की त्याने ‘मृताचे डोके’ म्हणवणारा एक मोठा, दुर्मीळ पतंग रेखाटला आहे, आणि रंगवण्यासाठी त्याला मारावे लागले असते, ते त्याच्या सौंदर्यामुळे करवले नाही. चित्रातल्या पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके पाहता तो मोरपतंग आहे, युरोपातला आकाराने सर्वांत मोठा पतंग. नावाची चूक चित्रकाराची होती, आणि ती बराच काळ चित्राच्या शीर्षकातही टिकली.

१८. आमच्या पतंगावर कवटी नाही, पण तो तसाच भीतीदायक आहे. हा कोणता?

तीन शक्यता सर्वाधिक आढळतात. पहिली म्हणजे झिजलेला कवटी पतंग (प्रश्न ५). दुसरी म्हणजे राखाडी रंगाचा, उदराच्या दोन्ही बाजूंना गुलाबी-काळे पट्टे असलेला कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथ; त्याच्याही पाठीवर अस्पष्ट चेहरा भासतो. त्याची सोंड शरीराहून लांब असते आणि अळी रताळ्याच्या वेलावर वाढते. गुलाबी दिसला की प्रश्न मिटला.

तिसरी शक्यता सह्याद्रीच्या आसपास राहणाऱ्यांकडून येते: ताटलीएवढा तांबूस पतंग, पंखांच्या टोकांना सापाच्या तोंडासारखा आकार. तो ॲटलास पतंग. पंखांचा विस्तार २४ सेंटिमीटरपर्यंत जातो. हॉकमॉथशी त्याचे नाते दूरचे आहे, आणि प्रौढाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. मध चोरण्याचा प्रश्नच येत नाही.

१९. घरात माणूस आजारी आहे आणि हा पतंग नेमका त्याच खोलीत आला. काही करावे का?

प्रश्न १३ मधल्या राजाची गोष्ट येथे पूर्ण करतो. खोलीत पतंग सापडले ते १८०१ मध्ये. राजा त्या झटक्यातून सावरला आणि १८२० मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी वारला. पतंगाने सूचना दिली असेल तर ती एकोणीस वर्षे आधी दिली.

पतंग खोलीत येतो तो दिव्यामुळे, आणि आजारी माणसाच्या खोलीत दिवा रात्रभर जळत असतो, खिडकी हवेसाठी उघडी असते. आजारी व्यक्ती घाबरत असेल तर तिला समजावत बसण्यापेक्षा पतंगाला बाहेर काढणे सोपे आहे. खोलीतला दिवा मालवावा, बाहेरचा लावावा, आणि दहा मिनिटे थांबावे. बहुतेक वेळा तो आपणहून जातो. भिंतीवरून हलत नसेल तर त्याच्यावर मोठे पातेले उपडे धरावे, खालून पुठ्ठा सरकवावा आणि अंगणात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून पातेले उचलावे. उडण्याआधी तो काही वेळ पंख थरथरवत बसेल. ते स्नायू तापवणे आहे, आजारपण नाही, म्हणून त्याला हाताने उडवायला जाऊ नये. पुठ्ठा सरकवताना तो ओरडेल, हे मात्र पातेले धरणाऱ्याला आधी सांगून ठेवावे.